पिकअपची चौकट

नावात 'रिंग' असली तरी ही वस्तू गोल नसते. इलेक्ट्रिक गिटारच्या लाकडी अंगावर, तारांच्या खाली, ज्या आयताकृती चौकटीत पिकअप बसवलेला असतो, तिला पिकअप रिंग म्हणतात. बाजारात ती स्क्रूंसकट प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळते. काळी घ्यायची की मलईच्या रंगाची, एवढाच प्रश्न बहुतेकांना पडतो. मलाही तेवढाच पडला होता.

रोह्याचे आमचे जुने घर उतरवले तेव्हा सागाची एक तुळई चांगल्या अवस्थेत निघाली. तिच्यातून मी गिटार करायला घेतली. पुन्हा तशी तुळई मिळणार नव्हती, म्हणून प्रत्येक खाच दोनदा मोजून मगच पटाशी लावली. रिंगा मात्र नजरेच्या अंदाजाने बसवल्या आणि चूक नेमकी तिथेच झाली.

ती समजण्यासाठी पिकअपचे काम माहीत हवे. लोहचुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वर ताणलेली पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेढ्यांत क्षीण वीज निर्माण होते आणि अँप्लिफायर ती मोठी करतो. म्हणजे पिकअप मायक्रोफोनसारखा हवेतला आवाज ऐकत नाही. तो तारेचे हलणे टिपतो. म्हणूनच तार त्याच्यापासून किती दूर आहे, याला सगळे महत्त्व. गणपतीच्या मिरवणुकीत वाजणाऱ्या आपल्या विजेच्या बँजोतही हीच युक्ती असते. तो बँजो मूळचा जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी 1912 साली टाइपरायटरसारख्या कळा असलेले 'ताइशोगोतो' हे वाद्य तयार केले. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झाले आणि पुढे मिरवणुकीत बँजो म्हणून रूढ झाले.

गिटारमध्ये रिंगेची गरज पिकअपच्या एका विशिष्ट प्रकारामुळे वाढली. एका वेढ्याच्या पिकअपमध्ये विजेच्या तारांची घरघर शिरते. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी दोन वेढे शेजारी शेजारी, एकमेकांची घरघर खोडतील असे जोडले. त्यांनी 1955 साली पेटंटसाठी अर्ज केला, ते 1959 साली मिळाले. मधल्या काळात, 1957पासून, हा 'हमबकर' गिटारींवर दिसू लागला. तो चौकटीत दोन लांब स्क्रू आणि स्प्रिंगांवर टांगलेला असतो. स्क्रू पिळला की पिकअप वर येतो, सैल केला की खाली जातो. चौकट मात्र लाकडावर पक्की असते. खालचा खड्डा झाकणे हे तिचे दुसरे काम. पहिले काम पिकअपला योग्य उंचीवर आणि योग्य कलात धरण्याचे.

माझ्या गिटारची मान अंगाशी सुमारे 3 अंश मागे झुकलेली आहे. त्यामुळे तारा मानेकडून ब्रिजकडे जाताना अंगापासून वर चढत जातात. मानेजवळच्या पिकअपच्या जागी तारा लाकडापासून 11 मिमी उंच आहेत, ब्रिजजवळच्या पिकअपच्या जागी साडेपंधरा. मी दोन्हीकडे एकाच उंचीच्या सपाट रिंगा लावल्या होत्या. ब्रिजचा पिकअप तारांजवळ आणायचा म्हणून स्क्रू पिळत गेलो, तर पिकअप डुलू लागला. आवाज मोठा केला की खडखड यायची. शिवाय तो तारांशी समांतर नव्हता. एक वेढा तारेच्या जवळ, दुसरा लांब. घरघर त्याने वाढली नाही, कारण ती खोडण्याचे काम वेढ्यांचे आपापसातले असते. पण दोन वेढ्यांना तारेचे हलणे सारखे मिळत नव्हते.

रिंगा काढल्या आणि पेणला बहिणीकडे गेलो. भाचा तिथल्या गणपतीच्या कारखान्यात साचेकाम करतो आणि हंगामात बँजो पार्टीत वाजवतो. मी पट्टी आणि व्हर्निअर घेऊन तारांखाली डोके घालून बसलेला पाहून तो म्हणाला, "मामा, मोजत काय बसताय? छाप घ्या की!" त्याने लाकडावर प्लॅस्टिकचा कागद अंथरला, तारांखाली ओल्या शाडूची वडी सरकवली आणि वरून सपाट पट्टी तारांना टेकेपर्यंत हलकेच दाबली. वडी बाहेर काढून सुरीने मधोमध कापली, तेव्हा तारांची उंची आणि त्यांचा चढ दोन्ही एकाच कापात दिसले. फक्त एक ताकीद त्याने दिली: शाडू वाळताना आटतो, तेव्हा माप ओले असतानाच घ्यायचे.

त्या वडीवरून हिशेब सोपा झाला. तार आणि पिकअप यांच्यात मानेकडे अडीच मिमी, ब्रिजकडे दोन मिमी अंतर ठेवायचे ठरवले. म्हणजे पिकअपचा माथा अनुक्रमे साडेआठ आणि साडेतेरा मिमीवर हवा. माथा रिंगेच्या वर तीन-साडेतीन मिमी राहिला की स्क्रू दोन्हीकडे फिरवायला वाव उरतो. म्हणून मानेकडे मध्यभागी सुमारे 5 मिमी आणि ब्रिजकडे सुमारे 10 मिमी उंचीची रिंग. दोन्हींना उतार हवा: 46 मिमी रुंदीत 3 अंशांसाठी ब्रिजकडची कड दुसऱ्या कडेपेक्षा जवळपास अडीच मिमी जाड. पिकअप फक्त दोन स्क्रूंवर टांगलेला असल्याने पुढे-मागे कलायची सोय स्क्रूंत नसते. तो कल रिंगेतच असावा लागतो. मान सरळ असेल तर सपाट रिंग पुरते आणि गिटारचे अंग फुगीर असेल तर रिंगेचा तळही त्या वळणाचा लागतो.

रिंगेच्या साहित्याबद्दलही थोडे. प्लॅस्टिक आणि लाकूड चुंबकाच्या वाटेला जात नाहीत. पितळ, अॅल्युमिनियम यांना चुंबक ओढत नाही, पण त्यांत प्रेरित विजेचे भोवरे उठतात आणि वरच्या सुरांची धार थोडी बोथट होऊ शकते. लोखंडी पत्रा टाळावा. मी उरलेल्या सागातून रिंगा केल्या. अरुंद बाजूंना आडवे तंतू येतात आणि तिथे लाकूड चिरते; त्यामुळे स्क्रूआधी बारीक भोक पाडणे आवश्यक. पहिली रिंग चिरली, दुसरी टिकली.

शेवटची गोष्ट भोकांची. इंची आणि मेट्रिक मापांच्या रिंगांची कोपऱ्यातली भोके एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून पिकअप रिंगेत बसवून, तारा चढवून, पहिली आणि सहावी तार पिकअपच्या टोकाच्या खुंट्यांवरून जाते का ते पाहावे आणि मगच अंगावर भोकांच्या खुणा कराव्यात. मी हे क्रम उलटे केले होते. आजोबांच्या तुळईवर जुन्या रिंगांची आठ भोके पडली. सहा नव्या रिंगांखाली झाकली गेली; दोन ब्रिजच्या बाजूला बाहेर राहिली. त्यांत सागाच्याच बारीक खुंट्या ठोकून घासल्या आहेत, तरी जवळून दिसतात. गिटार हातात घेणाऱ्याला मी आधी ती दोन भोके दाखवतो, आणि मग शाडूची वाळलेली वडी. ती आता खरोखरच आटली आहे. मोजायच्या उपयोगाची राहिलेली नाही.