शेतकी महाविद्यालयाची वाट : पेरणीपूर्वी करावयाची तयारी

पापळ हे गाव आपल्याच नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील. तेथे २७ डिसेंबर १८९८ रोजी शेतकरी कुटुंबात जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, १९२० साली विलायतेस गेले, आणि परत आल्यावर कुणब्यांच्या पोरांना शिकता यावे म्हणून त्यांनी अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. १९५२ ते १९६२ या काळात ते देशाचे कृषिमंत्री होते. त्यांचेच नाव धारण करणारे कृषी विद्यापीठ १९६९ पासून अकोल्यास आहे. असे असूनही या भागातील काही होतकरू मुले दरवर्षी शेतकी महाविद्यालयाच्या दारातून परत फिरतात. पुष्कळदा त्यांचे गुण कमी नसतात; कागद वेळेवर मिळत नाहीत, एवढेच कारण असते.

कृषी पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून तो बारावी विज्ञान शाखेनंतर करावयाचा असतो. त्यासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, द्यावी लागते. केवळ बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळेल ही समजूत अनेक पालकांच्या मनात अजून आहे. ती काढून टाकावी. या परीक्षेचे अर्ज साधारणतः जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास भरले जातात. नेमके याच दिवसांत घरोघरी तुरीची सोंगणी आणि कपाशीची शेवटची वेचणी चालू असते, आणि अर्जाची मुदत निघून जाते. मुदत एकदा गेली की ते वर्ष गेले असेच धरावे.

परीक्षेत अकरावीच्या अभ्यासक्रमास सुमारे २० टक्के व बारावीच्या अभ्यासक्रमास ८० टक्के भार असतो. चुकलेल्या उत्तरास गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नये. भौतिक, रसायन व जीव या शास्त्रांचे प्रश्न मराठीतूनही घेता येतात. गणिताचे मात्र इंग्रजीतूनच असतात. कृषी प्रवेशास गणिताचा गट किंवा जीवशास्त्राचा गट, दोन्ही चालतात. ज्यास गणित जड जाते त्याने केवळ इतर मुले घेतात म्हणून ते घेण्याचे कारण नाही. महाविद्यालयातील शिक्षण मात्र इंग्रजीतून होते. तेव्हा बारावीच्या सुट्टीत पिकांची, किडींची व रोगांची इंग्रजी नावे पाठ करण्याचा परिपाठ ठेवणे हिताचे होय.

आता कागदपत्रांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण खरी अडचण तेथेच आहे. ज्यास आरक्षणाचा लाभ घ्यावयाचा आहे त्यास जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्रही लागते. ते जिल्हा पडताळणी समितीकडून मिळते व त्यास महिने लागतात. समिती जुना पुरावा मागते : अनुसूचित जातीस १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींस १९६१ पूर्वीचा, आणि इतर मागासवर्गास १९६७ पूर्वीचा. असा पुरावा आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेतील दाखल-खारीज रजिस्टरात अथवा कोतवाल बुकाच्या नकलेत सापडतो. आजोबा दुसऱ्या तालुक्यातील शाळेत शिकले असतील तर तेथे जाऊनच उतारा आणावा लागतो. नावात एका अक्षराचा फरक असला, एका कागदावर आडनाव व दुसऱ्यावर नुसतेच नाव असले, तरी फेऱ्या वाढतात. म्हणून हे काम मूल अकरावीत जाताच हाती घ्यावे. निकालानंतर धावपळ करणारा पालक जून महिन्यात तहसील कचेरीच्या रांगेत उभा असतो आणि तिकडे त्याची सोयाबीनची पेरणी खोळंबते.

उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. जुना दाखला नव्या वर्षात देऊ नये. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदतही तपासून पाहावी. अधिवासाचा दाखला व सात-बाराचा ताजा उतारा काढून ठेवावा. शेतकरी कुटुंबातील उमेदवारास कृषी प्रवेशात गुणांचा अधिभार देण्याची पद्धत आहे. त्याचा दाखला कोणत्या नमुन्यात हवा हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच पाहावे, शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये.

महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरताना शासकीय व खाजगी महाविद्यालयांच्या शुल्कातील अंतर आधी समजून घ्यावे. जेथे शिकण्याची ऐपत किंवा इच्छा नाही त्या महाविद्यालयाचे नाव यादीत लिहूच नये. पैसे घेऊन जागा मिळवून देतो म्हणणारा मनुष्य दारात आल्यास त्यास चहा पाजून परत पाठवावे.

खर्चाची चिंता रास्त आहे. जूनमध्ये बियाणे आणि खतात पैसा अडकलेला असतो व त्याच वेळी शुल्काची मागणी येते. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून पात्र विद्यार्थ्यास शुल्कात सवलत मिळते. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातील मुलींना व्यावसायिक शिक्षणाच्या शुल्कात पूर्ण सवलत आहे. मुलीचे शिक्षण बारावीवर थांबविणाऱ्या घरी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती स्वतः जाऊन सांगावी.

दहावीनंतर लगेच शेतकी शिकू इच्छिणाऱ्यास कृषी तंत्र विद्यालयातील दोन वर्षांची मराठी माध्यमाची पदविका उपलब्ध आहे. ज्यास घरची शेतीच पाहावयाची आहे त्यास ती पुष्कळ उपयोगी पडते. पदवी घेतली म्हणजे नोकरी लागलीच असे नव्हे, हेही मुलांस आधीच सांगणे बरे. पुष्कळ पदवीधर स्पर्धा परीक्षांत वर्षे घालवितात.

कृषी पदवीच्या अखेरच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यांत येऊन राहतात. आपल्या गावी असे विद्यार्थी आले असतील तर अकरावी-बारावीच्या मुलांची त्यांच्याशी एका संध्याकाळी गाठ घालून द्यावी. अभ्यास कसा केला, वसतिगृहात महिन्यास किती खर्च येतो, शिष्यवृत्ती कोणत्या महिन्यात खात्यावर जमा झाली, हे ते अनुभवाने सांगतील. आणि मुलाच्या नावाचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे की नाही, हे त्याच आठवड्यात बँकेत जाऊन पाहून घ्यावे.