पहिल्या वर्षाचा आधार : घ्यावा की नाकारावा?

दहावी-बारावीचे निकाल लागले म्हणजे खेड्यांतील पुष्कळ घरांत आनंदाच्या पाठोपाठ चिंताही येते. मुलाने वा मुलीने चांगले गुण मिळविले, इंजिनीअरिंगची वाट मोकळी झाली. परंतु घरातील कोणीच यापूर्वी त्या वाटेने गेलेले नसते. अशा विद्यार्थ्यांकरिता हल्ली अनेक संस्थांत आरंभीच आधाराची योजना आखलेली असते. कोठे पूर्वतयारीचे वर्ष असते, कोठे जादा तास, कोठे मार्गदर्शक शिक्षक व वरच्या वर्गातील सोबती. तीत नाव घालावे की नाही, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. आमच्या मते मात्र मुलाची पुढची चार वर्षे पुष्कळदा याच एका निर्णयावर अवलंबून असतात.

आदिलाबादकडील मराठी कुटुंबांस हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. पैनगंगेच्या दक्षिणेस मूल घरी मराठी बोलते, शेजारी गोंडी ऐकते, बाजारात तेलुगू वापरते आणि इंजिनीअरिंगच्या वर्गात बसते तेव्हा फळ्यावर इंग्रजी असते. इंजिनीअरिंगच्या प्रवेशाची जे. ई. ई. मेन ही परीक्षा २०२१ पासून मराठीतूनही देता येते, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि परीक्षेचे दार मराठीतून उघडले तरी आतील वर्ग बहुतेक ठिकाणी इंग्रजीच आहे. मग शाळेत पहिला येणारा मुलगा पहिल्याच चाचणीत मागे पडतो. त्याची बुद्धी कमी झालेली नसते. प्रश्नच त्यास उमगलेला नसतो. लाजेने तो घरी काही सांगत नाही, सुटीत गप्प गप्प राहतो, आणि आईवडिलांस कळते तेव्हा तीन-चार विषय राहिलेले असतात.

या अडचणीवरील एक मोठा प्रयोग याच भागात झालेला आहे. गोदावरीकाठच्या बासर येथे २००८ साली राजीव गांधी युनिव्हर्सिटी ऑफ नॉलेज टेक्नॉलॉजीज या विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. बासर तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होते. ऑक्टोबर २०१६ च्या विभाजनानंतर ते निर्मल जिल्ह्यात आले. लोक त्यास ‘बासरची ट्रिपल आय. टी.’ म्हणून ओळखतात. येथे दहावीनंतरच प्रवेश मिळतो आणि अभ्यासक्रम सहा वर्षांचा आहे : पहिली दोन वर्षे पायाभरणीची, पुढील चार इंजिनीअरिंगची. दहावीच्या गुणांवर निवड होते व सरकारी शाळांतील मुलांस त्यांच्या अडचणी ध्यानी घेऊन काही अधिक गुण दिले जातात. खेड्यातील मुलास एकदम खोल पाण्यात न लोटता आधी पोहावयास शिकवावे, हा त्यामागील हेतू होय.

दुसरी योजना आय. आय. टी. संस्थांची. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दिव्यांग यांतील जे विद्यार्थी मुख्य यादीत थोडक्यात मागे राहतात, त्यांतील काहींस एका वर्षाचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम देऊ केला जातो. तो यशस्वीपणे पूर्ण केल्यास प्रवेशपरीक्षा पुन्हा न देता पहिल्या वर्षात स्थान मिळते. गोंड, कोलाम, परधान घरांतील होतकरू मुलांपुढे हा प्रसंग येऊ शकतो. याशिवाय २०१७ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने सर्वच इंजिनीअरिंग महाविद्यालयांसाठी आरंभीच्या तीन आठवड्यांचा परिचयवर्ग आखून दिला आहे.

असे असूनही घरोघरी दोन शंका ऐकू येतात. पहिली, ‘वर्ष वाया जाईल.’ दुसरी, बहुधा न बोललेली, ‘लोक म्हणतील, आमचा मुलगा कच्चा.’

या दुसऱ्या शंकेस अमेरिकेतील एका अनुभवाने चांगले उत्तर मिळते. बर्कली येथील विद्यापीठात १९७० नंतरच्या दशकात युरी ट्राइसमन या गणिताच्या अध्यापकाने पाहिले की, कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्टाळू असूनही गणितात मागे पडत. ते एकेकटे अभ्यास करीत. चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र आपापला अभ्यास आटोपून एकत्र बसत, परस्परांच्या चुका काढीत. तेव्हा ट्राइसमन यांनी विद्यार्थ्यांचे गट केले, त्यांस सोपी नव्हेत तर अधिक अवघड उदाहरणे दिली, आणि हा वर्ग कच्च्यांचा नसून उत्तम यश मिळवू इच्छिणाऱ्यांचा आहे, असे प्रथमपासून सांगितले. निकाल पुष्कळच सुधारले. यावरून दिसते की, चांगला आधार विद्यार्थ्यास हलके काम देत नाही. अवघड काम देतो व सोबत देतो.

आदिलाबादच्या मातीसही हे नवीन नाही. १९४३ साली मार्लवाई येथे मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. थोडेफार मराठी जाणणारे गोंड तरुण निवडले गेले आणि देवनागरी लिपीतील गोंडी पुस्तकांनी मुलांस अक्षरओळख करून देण्यात आली. परक्या भाषेच्या उंबरठ्यावर मुलास अडखळू न देता आपल्या भाषेची पायरी त्याच्या पायाखाली ठेवली गेली. त्या पायरीवरून चढलेल्या मुलांस कोणी कच्चे म्हणावयाचे काय?

तथापि योजनेचे नाव पाहून डोळे मिटून होकार द्यावा, असे आम्ही म्हणत नाही. बासर येथेच जून २०२२ मध्ये हजारो विद्यार्थी सोयी व कारभार यांविषयीच्या मागण्यांसाठी सुमारे आठवडाभर धरणे धरून बसले होते. शिक्षणमंत्री स्वतः तेथे गेल्यानंतर ते उठले. कागदावरील योजना आणि प्रत्यक्षातील व्यवस्था यांत अंतर पडू शकते. म्हणून पालकांनी आधी विचारावे : शिकविणारे शिक्षक कायम आहेत काय? मुलास नावाने ओळखणारा एक तरी शिक्षक असेल काय? जादा तासात तेच धडे पुन्हा वाचून दाखवितात, की मुलांकडून उदाहरणे सोडवून घेतात? इंग्रजीची तयारी करून घेतात काय? वसतिगृहातील अन्नपाण्याची देखरेख कोण करतो? गेल्या वर्षी त्या योजनेत असलेल्या दोन मुलांशी बोलावयास मिळेल काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बाकीच्यांची परीक्षा करते.

नकार देणेही काही वेळा योग्य ठरते. जेथे आधाराच्या नावाखाली निराळी मोठी रक्कम मागतात, तेथून परतावे. ज्याचा गणिताचा व इंग्रजीचा पाया पक्का आहे, त्यास दररोजचे जादा तास ओझे होतील. पूर्वतयारीच्या वर्षाच्या बाबतीत, हाती असलेल्या दुसऱ्या महाविद्यालयाची जागा व शाखा कशी आहे आणि घरास एक वर्षाचा अधिक खर्च पेलेल काय, याचा हिशेब मांडावा. मात्र ते वर्ष ‘वाया’ या सदरात घालू नये. पहिल्या वर्षाचे विषय राहिल्याने जे वर्ष जाते, ते अधिक महाग पडते.

अखेरचा शब्द मुलाचा असावा. बासरला जाणारे मूल पंधरा-सोळा वर्षांचे असते. सहा वर्षे घराबाहेर राहावयाचे आहे, हे त्यास उघड सांगून त्याचे मन जाणून घ्यावे. निर्णयही वेळेवर व्हावा. नापास झाल्यावर मागितलेला आधार उशिरा पोहोचतो. पहिल्या पंधरवड्यात घेतलेला कामी येतो. नको वाटल्यास सोडता येतो काय, हेही तेव्हाच विचारून ठेवावे.

आणि योजनेत नाव घातले वा न घातले, तरी मुलास निरोप देताना आईवडिलांनी एक वचन द्यावे व एक घ्यावे. पहिल्या चाचणीचे गुण कितीही आले तरी घरी रागावणार नाही, हे वचन द्यावे. आणि ते गुण त्याच दिवशी कळवीन, हे वचन घ्यावे.