तंजावूरचे मराठी निरूपण

तंजावूरचे राजे दुसरे सरफोजी (राज्यकाळ 1798 ते 1832) यांच्या नावावरील 'निरूपणे', म्हणजे एकच कथा नृत्यातून सलग उलगडणाऱ्या मराठी रचनामाला, आजच्या भाषेत संकल्पनाधारित अल्बमच म्हणाव्यात, कारण प्रत्येक निरूपणातील अठरा रचना 'जयजय' आणि 'शरणु' या आरंभीच्या रचनांपासून शेवटच्या 'मंगला'पर्यंत एकाच रागात व एकाच तालात बांधलेल्या असतात. या अठरांपैकी वर्ण आणि पद या रचनाप्रकारांचा बोलबाला पुष्कळ झाला. परंतु खरे कौतुक व्हायला हवे ते 'सोल्लु'चे, ज्याचे नाव तमिळ आणि ज्यात अर्थवाही शब्दांऐवजी 'तक', 'धिमि' अशी पाटाक्षरे, म्हणजे तालवाद्याचे बोल, नर्तकीच्या पावलांशी जुळतात. या रचना सरस्वती महाल ग्रंथालयाने जपल्या आणि पुढे छापल्या, ही मराठीवर मोठीच कृपा होय.