रूळ बदलले तरी माल पोचला पाहिजे

संगणकाच्या क्षेत्रातील स्वावलंबनाची चर्चा आपल्याकडे पुन्हा एकदा उत्साहाने होऊ लागली आहे. रिस्क-फाइव्ह या मुक्त आज्ञासंचावर आधारलेले प्रोसेसर देशात घडावेत यासाठी केंद्र शासनाने एप्रिल २०२२ मध्ये स्वतंत्र कार्यक्रम जाहीर केला. मद्रासच्या आयआयटीचा ‘शक्ती’, सी-डॅकचा ‘वेगा’ आणि पवईच्या आयआयटीचा ‘अजित’ ही नावे आता सामान्य वाचकाच्याही कानांवरून गेली आहेत. या प्रयत्नांचे स्वागत करावे तेवढे थोडेच. तथापि प्रोसेसर तयार झाला म्हणजे संगणक तयार झाला, असा जो समज या उत्साहात रूढ होऊ पाहत आहे, तो तपासून घेणे अगत्याचे आहे. प्रोसेसर हे निव्वळ यंत्र होय. ते चालवणारी मूळ प्रणाली त्यावर कोणी तरी नेऊन बसवावी लागते. हे काम करणारी माणसे आपण तयार करीत आहोत काय, हा खरा प्रश्न आहे.

कुर्डुवाडीच्या रहिवाशास या प्रश्नाचे मर्म समजण्यास संगणकशास्त्राची परिभाषा लागू नये. या गावाच्या स्टेशनाचे जुने नाव बार्शी रोड. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा साडेपाच फुटी रूळ येथून जात होता आणि १८९७ साली येथून बार्शीकडे अडीच फुटी रुळाची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. पुढे ती एकीकडे लातूर व दुसरीकडे पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत गेली. दोन रुळांची रुंदी भिन्न असल्याने एकीचा डबा दुसरीवर जाणे अशक्य. सबब मुंबईस जाणारा माल येथे एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. या उतार-भरतीने मालाच्या गुणात वा वजनात तिळमात्र भर पडत नसे. खर्च, वेळ आणि नासधूस यांत मात्र पडे. शासनाने १९५४ साली ही रेल्वे ताब्यात घेतल्यानंतरही हा भुर्दंड चालूच राहिला आणि लातूरपर्यंतचा मार्ग रुंद होण्यास २००८ साल उजाडावे लागले. रुळाची रुंदी एकदा ठरली की तिच्याभोवती इंजिने, डबे, कारखाने आणि कौशल्ये यांचे भांडवल गुंतत जाते. मग ती रुंदी बदलणे पिढ्यानुपिढ्यांचे काम होऊन बसते.

प्रोसेसरचा आज्ञासंच म्हणजे अशीच रुळाची रुंदी होय. इंटेलच्या वंशातील प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञा एआरएमच्या वंशातील प्रोसेसरला कळत नाहीत. रिस्क-फाइव्हच्या आज्ञा दोघांनाही परक्या. संगणकाची जी मूळ प्रणाली असते तिच्या अंतर्भागास, म्हणजे स्मृतीची वाटणी, कामांची पाळी आणि उपकरणांचे नियंत्रण करणाऱ्या भागास, कर्नल किंवा गाभा म्हणतात. हा गाभा एका आज्ञासंचावरून दुसऱ्यावर नेऊन बसवण्याच्या क्रियेस इंग्रजीत ‘पोर्टिंग’ असा शब्द आहे. भाषांतराच्या धर्तीवर आपण तिला ‘यंत्रांतर’ म्हणू.

यंत्रांतर शक्य आहे, हेच मुळी संगणकाच्या इतिहासात पुष्कळ उशिरा सिद्ध झाले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली जन्मलेली युनिक्स प्रणाली प्रारंभी एका विशिष्ट यंत्राच्या सांकेतिक भाषेत लिहिलेली होती. १९७३ साली ती ‘सी’ या उच्चस्तरीय भाषेत नव्याने लिहिली गेली. १९७७च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील वुलनगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी, आणि स्वतंत्रपणे बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन व डेनिस रिची यांनी, ती इंटरडेटा कंपनीच्या सर्वस्वी भिन्न यंत्रांवर नेऊन दाखवली. पहिल्या यशाचा एक मान तुलनेने लहान अशा एका विद्यापीठाकडे जातो, ही गोष्ट आपल्यासारख्यांनी विशेष ध्यानात ठेवावी.

ऑस्ट्रेलियातच, न्यू साउथ वेल्स विद्यापीठात, जॉन लायन्स या प्राध्यापकांनी त्याच सुमारास युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा विद्यार्थ्यांपुढे ठेवून त्यावर ओळीओळीने टीका लिहिली. पुढे १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने वर्गात संहिता शिकवण्यास मनाई केली आणि लायन्स यांचा ग्रंथ छायाप्रतींच्या रूपाने हातोहात फिरत राहिला. त्याचे उघड प्रकाशन १९९६ साली झाले. या मनाईस उत्तर म्हणून ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ साली ‘मिनिक्स’ ही छोटी शैक्षणिक प्रणाली स्वतःच लिहिली. मिनिक्सवर शिकलेल्या लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स लिहिली. १९९२ साली टॅनेनबॉम यांनी तिच्यावर जे आक्षेप घेतले त्यांत, ही प्रणाली एकाच प्रोसेसरशी जखडलेली आहे, हा एक प्रमुख आक्षेप होता. तो त्या वेळी खरा होता. परंतु तीनच वर्षांत लिनक्स अल्फा या भिन्न प्रोसेसरवर गेली, आणि त्या खटपटीत तिच्या गाभ्यातील यंत्रनिष्ठ भाग व सामान्य भाग वेगळे करावे लागले. आज खिशातील फोनपासून महासंगणकापर्यंत ती सर्वत्र आहे. यंत्रांतराने प्रणाली केवळ दुसऱ्या यंत्रावर जात नाही. तिची घडणही सुधारते.

यातील शैक्षणिक मूल्य कोठे आहे, हे एका उदाहरणाने पाहू. अमेरिकेतील एमआयटीने २००६ साली युनिक्सच्या त्याच सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर ‘एक्सव्ही-सिक्स’ हा छोटा गाभा इंटेलच्या प्रोसेसरसाठी लिहिला आणि २०१९ साली तो रिस्क-फाइव्हवर नेला. पवईच्या आयआयटीतही तो शिकवण्यासाठी वापरला गेला आहे. सगळी संहिता दहा हजार ओळींच्या आत. एका सत्रात एका विद्यार्थ्यास सांगोपांग वाचता येईल एवढी. यंत्रांतरात तिचे काय झाले? फाइलींची व्यवस्था, कामांची पाळी लावण्याचे तत्त्व, एका कामाचे फलित दुसऱ्यास पुरवण्याची सोय, हे सारे जवळजवळ तसेच राहिले. बदलले ते यंत्राला थेट भिडणारे भाग. एक काम थांबवून दुसरे हाती घेताना इंटेलच्या जुन्या गाभ्यात चार रजिस्टरे जपून ठेवावी लागत, रिस्क-फाइव्हवर चौदा. स्मृतीच्या पत्त्यांचे कोष्टक पूर्वी दोन पायऱ्यांचे होते, ते तीन पायऱ्यांचे झाले. शब्दाची लांबी ३२ बिटांवरून ६४ वर गेली. व्यत्यय हाताळण्याची रीत आणि कुलपासाठी लागणारी अविभाज्य आज्ञा, दोन्ही नव्याने लिहावी लागली.

हाच गाभा उद्या स्पार्कच्या आठव्या आवृत्तीवर न्यावयाचा ठरला, आणि ‘अजित’ याच आज्ञासंचावर बेतलेला आहे, तर आणखी निराळे प्रश्न उभे राहतात. तेथे रजिस्टरांचे गवाक्षांसारखे सरकते गट असल्याने काम बदलण्याची सगळी रीतच वेगळी होते. शिवाय बाइटांचा क्रम उलटा. डिस्कवर एका क्रमाने लिहिलेली संख्या दुसऱ्या क्रमाने वाचली गेली की एकाचे एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक होतात! अशाच उलटापालटीने ‘युनिक्स’ या अक्षरांचे ‘नुक्सी’ व्हावयाचे, आणि या दोषास संगणकशास्त्रात तेच नाव पडले आहे. असे दोष शोधताना विद्यार्थ्यास जे कळते ते व्याख्यानाने कळत नाही. आपण ज्यास सिद्धान्त समजत होतो त्यातील किती भाग खरोखर सिद्धान्त आणि किती भाग एका कंपनीच्या यंत्राची सवय, याचा निवाडा त्याला स्वतःच्या हाताने करावा लागतो.

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक असल्याने त्यास यातील हिशेब अधिक मोह घालतो. दहा प्रकारची यंत्रे आहेत आणि शंभर उपयुक्त आज्ञावली आहेत असे समजा. प्रत्येक आज्ञावली प्रत्येक यंत्रासाठी वेगळी लिहावयाची तर कामे हजार होतात. मध्ये एक समान गाभा ठेवला, तर दहा यंत्रांतरे आणि शंभर आज्ञावली मिळून एकशेदहा कामांत भागते. गुणाकाराची बेरीज करणारी ही युक्ती ज्या समाजास साधते त्याचे श्रम वाचतात. दुसरा लाभ सौदाशक्तीचा. ज्या ग्राहकास विक्रेता बदलणे अशक्य असते त्याच्यापुढे विक्रेता म्हणेल तो भाव असतो. आपली प्रणाली उचलून दुसऱ्या यंत्रावर नेण्याची कुवत ज्याच्याकडे आहे त्याने ती प्रत्यक्ष वापरलीच पाहिजे असे नाही. ती आहे एवढ्यानेच भाव उतरतात.

महाराष्ट्रास हा धडा नवा नाही. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला. त्याचा पाया इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्यूटरवर होता. तो वंश पुढे वाढला नाही. १९९८ च्या ‘परम १००००’ मध्ये अल्ट्रास्पार्क प्रोसेसर आले. दहा वर्षांच्या आत पायाच बदलला! अशा प्रसंगी जुन्या यंत्राच्या खास लकबींवर उभारलेले काम भंगारात जाते आणि यंत्रापासून अलग ठेवलेले काम पुढे चालू शकते. यंत्राचा घसारा अटळ आहे. ज्ञानाचा घसारा मात्र आपल्या शहाणपणावर अवलंबून असतो.

यावर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की, हे श्रीमंत संस्थांचे काम. तालुक्याच्या गावी यासाठी निरनिराळे प्रोसेसर आणावयाचे कोठून? येथे बार्शी लाइट रेल्वेचे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची आठवण होते. इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी रेल्वे १९०४ साली सुरू झाली, तेव्हा त्यांनी तिच्यासाठी अशी वाहने योजली की ज्यांच्या पाठीवर रुंद रुळावरचा अख्खा डबा चढवून नेता येई. संगणकात हेच काम अनुकारक आज्ञावली करतात. फाब्रीस बेलार यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेली ‘क्यूएमू’ ही आज्ञावली साध्या संगणकाच्या पाठीवर एआरएम, स्पार्क वा रिस्क-फाइव्ह यंत्राचा आभास निर्माण करते. ती विनामूल्य आहे. गाभ्याची संहिताही विनामूल्य आहे. खर्च आहे तो वेळेचा आणि चिकाटीचा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विद्यार्थ्यास नोकरी हवी असते. छोट्या गाभ्याच्या यंत्रांतरास बाजारात कोण विचारतो? प्रत्यक्ष त्या गाभ्यास कोणी विचारणार नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु तालमीतील मातीस तरी बाजारभाव कोठे असतो? शिवाय ठरावीक साच्याच्या आज्ञावली आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही लिहून देऊ लागली आहेत. अशा काळात, लिहिलेले बरोबर आहे की चूक, आणि यंत्र मुकाट्याने थांबले तर ते नेमके कोठे थांबले, हे सांगू शकणाऱ्या माणसाचे मोल वाढणार, कमी होणार नाही.

तिसरा अडसर भाषेचा. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिक्षणास वाट मोकळी केली. पण माध्यम बदलले म्हणून ज्ञान आपोआप भाषेत येत नाही. मूळ संहिता समोर ठेवून तिचा अर्थ लोकभाषेत उलगडण्याची परंपरा आपल्याकडे लायन्स यांच्यापूर्वी सात शतके होती. ज्ञानेश्वरी ही टीकाच आहे. दहा हजार ओळींच्या गाभ्यावर मराठीत ओळीओळीने टीका लिहिणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, असे कोणी म्हणू नये.

म्हणून सूचना अगदी माफक आहे. सोलापूर, पंढरपूर, बार्शी या परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या काही विद्यार्थ्यांना, दोघादोघांच्या जोड्या करून, एखाद्या छोट्या गाभ्याचे एक यंत्रांतर प्रकल्प म्हणून द्यावे. गुण देताना गाभा अखेरीस चालला की नाही एवढेच पाहू नये. वाटेत आढळलेल्या प्रत्येक दोषाची आणि त्याच्या कारणाची मराठीत ठेवलेली नोंदवही तपासावी. आदल्या वर्षीची वही पुढल्या वर्षीच्या जोडीच्या हाती द्यावी. चार-पाच वर्षांत अशा वह्यांतूनच टीकाग्रंथ उभा राहील आणि तो शिकवू शकणारे अध्यापकही त्याच मुलांतून मिळतील. याला कोणाच्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. स्वदेशी प्रोसेसर बाजारात येतील तेव्हा येतील; त्यांवर गाभा बसवणारे हात आधी तयार असले, तरच त्या प्रोसेसरांचा देशास उपयोग होईल.