समाधानाचा कोरा रकाना

बारावीचा निकाल लागला की व्यापारी कुटुंबांत प्रवेशाची चर्चा सुरू होते. महाविद्यालय कोणते, शुल्क किती, पदवीनंतर नोकरी की पेढी, याचा हिशेब दुकान वाढवल्यानंतर रात्री उशिरापर्यंत मांडला जातो. हा हिशेब आवश्यकच आहे. परंतु त्यातील एक रकाना बहुधा कोरा राहतो. मुलगा अथवा मुलगी तेथे तीन-चार वर्षे समाधानाने राहील काय, हा तो रकाना होय.

या प्रश्नाचा अभ्यास शिक्षणक्षेत्रात गांभीर्याने झाला आहे. अमेरिकी अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये असे मांडले की, विद्यार्थी शिक्षण अर्धवट सोडतो त्यामागे केवळ बुद्धी किंवा पैसा यांची उणीव नसते. संस्थेतील अभ्यासाशी आणि तेथील माणसांशी त्याचे नाते जुळले की नाही, यावर बरेच अवलंबून असते. अलेक्झांडर ॲस्टिन यांनी १९८४ मध्ये त्यास जोड दिली: विद्यार्थी आपला वेळ आणि श्रम महाविद्यालयीन जीवनात जितके गुंतवतो, तितका त्याचा विकास होतो. व्यापाऱ्यास हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. भांडवल घातल्यावाचून नफ्याची अपेक्षा कोण करील?

आपल्या देशातही महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ने २०१७ च्या सुधारित पद्धतीत विद्यार्थी-समाधानाच्या पाहणीचा समावेश केला. मात्र तिचा भर अध्यापनावर आहे. नव्या शहरात आजारपणी औषध कोण आणून देतो, जेवताना शेजारी कोण बसतो, नावाने हाक मारणारा एखादा प्राध्यापक आहे काय, या गोष्टी प्रश्नावलीत सहसा उमटत नाहीत. समाधान मात्र त्यांतूनच घडते.

आपल्या पूर्वजांनी हे ओळखले होते. आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने १९१५ मध्ये मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय स्थापन झाले. अशा वसतिगृहांमुळे परगावच्या विद्यार्थ्याला निवासाबरोबरच आपल्या आचाराला साजेसे भोजन आणि सोबत मिळाली. सूर्यास्तापूर्वी जेवण्यासाठी मित्रांपासून एकट्याने वेगळे व्हावे लागणे वरकरणी क्षुल्लक वाटते. परंतु रोजचा तो एकटेपणा मनात साचत जातो.

जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी त्याच्याही पुढचे पाऊल टाकले. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि कामेही स्वतः करत. पुढे ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने असंख्य गरीब विद्यार्थी पदवीधर झाले. सुखसोयी तेथे बेताच्याच होत्या. पण ‘ही संस्था माझी आहे’ ही भावना श्रमातून निर्माण होत असे. आपल्या माणसांचा आधार जितका हवा, तितकेच परक्यांना आपलेसे करण्याचे शिक्षणही हवे.

यात घराचा वाटाही मोठा आहे. दर शनिवारी घरी बोलावले जाणारे, सणासुदीच्या गर्दीत गल्ल्यावर बसवले जाणारे मूल महाविद्यालयात रुजणार केव्हा? घरच्यांनी परस्पर ठरवलेला अभ्यासक्रम शिकणारे मूल गुण मिळवते, परीक्षा उत्तीर्ण होते, आणि तरीही मनाने तेथे नसते. ते बोलून दाखवत नाही, कारण शुल्काचा आकडा त्याला पाठ असतो. ‘पेपर कसा गेला?’ एवढेच फोनवर विचारले, तर उत्तरही तेवढेच मिळते. ‘आज कोणाबरोबर जेवलास?’ हा प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर सतत ‘एकटाच’ असे येऊ लागले, तर पालकांनी निकालाची वाट पाहू नये. त्याच आठवड्यात जाऊन भेटावे, शांतपणे ऐकून घ्यावे आणि गरज पडल्यास शाखा बदलण्याचीही तयारी ठेवावी.

एखादे वर्ष वाया गेले, तर ती तूट भरून काढता येते. उमेद हरवलेले मूल मात्र कोणत्याही खतावणीत जमेच्या बाजूला मांडता येत नाही.