झंस्कारी घोडा

समुद्रकाठच्या गावाहून आलेला प्रवासी लडाखमधील झंस्कार खोऱ्यात शिरला की थोडे चालताच त्याला धाप लागते. त्याच वाटेने पाठीवर ओझे घेतलेला एक बुटका, दणकट घोडा शांतपणे खिंड चढत असतो. हाच झंस्कारी घोडा होय.

धाप का लागते? हवेत प्राणवायूचे प्रमाण उंचावरही शेकडा २१ इतकेच असते. परंतु जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू घटत जातो. साडेपाच हजार मीटर उंचीवर तो समुद्रसपाटीच्या मानाने जवळजवळ निम्माच उरतो.

मैदानी जनावर उंचावर नेले असता त्याचे शरीर रक्तातील तांबड्या पेशी वाढवून ही उणीव भरून काढू पाहते. या उपायास मर्यादा आहे. पेशी फार वाढल्या की रक्त घट्ट होते आणि हृदयावर भार पडतो. पिढ्यान्‌पिढ्या उंचावर नांदलेल्या प्राण्यांत मात्र निसर्गाने निराळी तजवीज केलेली आढळते. प्राणवायूच्या कमतरतेला शरीराने कसे तोंड द्यावे, हे ठरविण्यात ‘ईपीएएस-१’ या जनुकाचा मोठा वाटा असतो. या जनुकाचा विशिष्ट प्रकार तिबेटी लोकांत असल्याचे २०१० मध्ये दिसून आले. तिबेटी घोड्यांतही त्यात उपयुक्त बदल झाल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

झंस्कारी घोड्याची उंची सामान्यतः १२० ते १४० सेंटिमीटर असते. रंग बहुधा करडा असतो. ओझी वाहणे, स्वारी आणि पोलोचा खेळ या सर्वांस तो उपयोगी पडतो.

परंतु आता त्याच्या अस्तित्वाचाच प्रश्न उभा आहे. रस्ते झाले तसे मालवाहतुकीचे काम मोटारींकडे गेले. निम्मू–पदुम–दारचा हा मार्ग २०२४ मध्ये जोडला गेला. इतर जातींशी संकर होऊन शुद्ध घोडेही विरळ झाले. देशातील घोडे व तट्टे यांची एकूण संख्याच २०१२ मध्ये सुमारे सव्वासहा लाख होती, ती २०१९ च्या पशुगणनेत ३ लाख ४० हजारांवर आली. जातीच्या रक्षणासाठी पदुम येथे सरकारी अश्वपैदास केंद्र निघाले, हे दूरदृष्टीचे पाऊल होते.

मोटार बिघडली तर दुसरी आणता येते. शेकडो पिढ्यांच्या निवडीतून घडलेली जात एकदा नाहीशी झाली की ती कोणत्याही कारखान्यात पुन्हा घडविता येत नाही.