उभ्या आकाशकाला सोबती : लघुलहरींवरील दूरसंदेशांसाठी परोपजीवी घटक

जबलपूर शहराच्या पूर्वेस, कारखान्यांच्या वसाहतींना लागून रांझी ही वस्ती आहे. येथील एखाद्या परवानाधारक हौशी रेडिओचालकाला ७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात युरोपशी संभाषण करावयाचे आहे, असे समजा. अंतर हजारो किलोमीटरांचे, अंगण बेताचे आणि प्रक्षेपकाची शक्ती जेमतेम ५० वॅट. अशा वेळी प्रक्षेपकाची शक्ती न वाढवता दूरच्या श्रोत्याला आपला आवाज अधिक स्पष्ट ऐकू येईल काय? या प्रश्नाचे उत्तर आकाशकात, म्हणजे ज्याला आपण एरियल किंवा अँटेना म्हणतो त्यात, शोधावे लागते.

उभा खांबच का?

७.०५ मेगाहर्ट्‌झ वारंवारतेची तरंगलांबी सुमारे ४२.६ मीटर असते. आडवी तार टांगून तिच्याकडून क्षितिजालगत तरंग सोडवून घ्यावयाचे, तर ती निदान वीस मीटर उंचीवर हवी. सामान्य घरी हे साधत नाही. याउलट उभ्या खांबाला तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतकीच उंची पुरते. हा चतुर्थांश १०.६ मीटर होतो. धातूच्या तारेवर विद्युत्‌लहर किंचित आखूड होत असल्याने प्रत्यक्षात १०.१ मीटरांच्या आसपास काम भागते. असा खांब क्षितिजाशी लहान कोन करून तरंग पाठवितो. ते आयनांबरावर दूरवर आदळतात व थोड्याच उड्यांत खंड ओलांडतात.

खांबाचा दोष असा, की तो चारी दिशांना सारखेच तरंग फेकतो. युरोपच्या दिशेला जेवढी शक्ती जाते, तेवढीच विरुद्ध दिशेलाही वाया जाते. संदेश ऐकतानाही पाठीमागून येणारी वादळांची खरखर तितक्याच जोराने कानी पडते.

तरफेच्या तारांचा न्याय

सतारीत वाजविण्याच्या तारांखाली तरफेच्या बारीक तारा असतात. त्यांना कोणी छेडीत नाही, तरीही वरच्या तारेचा स्वर जुळताच त्या आपोआप झंकारू लागतात. आकाशकातील परोपजीवी घटकाचे कार्य याच न्यायाने चालते. मुख्य खांबाशेजारी जवळजवळ तेवढ्याच लांबीची दुसरी तार उभी करावी. तिला प्रक्षेपकाची जोडणी नसते. मुख्य खांबाच्या तरंगांमुळे तिच्यात प्रवाह प्रेरित होतो व तीही तरंग सोडू लागते.

या दोन तरंगसमूहांचा मेळ कसा बसतो, हे तारेच्या लांबीवर ठरते. तार सुमारे पाच टक्के लांब ठेवल्यास तिच्यातील प्रवाह अशा बेताने मागे पडतो, की तिच्या पाठीमागे दोन्ही तरंग एकमेकांना मारतात आणि समोर एकमेकांना बळ देतात. हा ‘परावर्तक’ होय. तीच तार पाच टक्के आखूड केली, तर तरंगांचा जोर तिच्याच बाजूला वाढतो. हा ‘निर्देशक’ होय. जपानमधील सेंडाई येथील तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास हे तत्त्व प्रस्थापित केले. घरांच्या छपरांवर दिसणारे दूरचित्रवाणीचे कंगव्यासारखे एरियल त्याच कुळातले.

रांझीसाठी एक आराखडा

मुख्य खांबापासून ६.४ मीटरांवर, म्हणजे तरंगलांबीच्या सुमारे पंधरा शतांशावर, ९.६ मीटर लांबीची तार बांबूच्या आधाराने उभी करावी. ही झाली निर्देशकाची लांबी. तिच्या तळाशी सुमारे दोन मायक्रोहेन्रीचे वेटोळे जोडले, की तीच तार विद्युत्‌दृष्ट्या लांब होऊन परावर्तक बनते. वेटोळे आत घेण्यास व वगळण्यास एक साधी कळ पुरते. वेटोळ्याचे नेमके मूल्य तारेच्या जाडीप्रमाणे थोडे बदलते.

जबलपूरहून युरोप वायव्येस आणि ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा आग्नेयेस येतो, म्हणजे दोन्ही एकाच रेषेच्या दोन टोकांना. मुख्य खांबाच्या वायव्येस तार उभारली, तर वेटोळे वगळताच रोख युरोपकडे व जोडताच ऑस्ट्रेलियाकडे वळतो. जुळणी चांगली असल्यास तीन ते चार डेसिबेलचा लाभ होतो. चार डेसिबेल म्हणजे अडीचपट. त्या दिशेपुरते ५० वॅट १२५ वॅटांसारखे काम करतात.

खरी कसोटी जमिनीत

मात्र हा लाभ हाती येणे न येणे जमिनीवर अवलंबून आहे. खांबाचा परतीचा प्रवाह मातीतून वाहतो आणि माती त्यातील काही शक्ती उष्णतेत घालविते. एकट्या खांबाचा प्रारण रोध सुमारे ३६ ओहम असतो. जमिनीचा रोध १४ ओहम धरला, तर ५० पैकी ३६, म्हणजे ७२ टक्के शक्ती तरंगरूप होते. सोबतीची तार उभी करताच मुख्य खांबाचा प्रारण रोध उतरतो. तो २० ओहमवर आला असे समजू. आता ३४ पैकी २०, म्हणजे केवळ ५९ टक्केच शक्ती उपयोगी पडते. सोबतीच्या तारेतही असाच व्यय होतो तो निराळाच. जमिनीचा रोध ४ ओहमवर आणला, तर हेच आकडे ९० व ८३ टक्के होतात. म्हणून दुसरी तार उभारण्याआधी पहिल्या खांबाखालची जमीन सुधारणे श्रेयस्कर.

त्यासाठी खांबाच्या बुडापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे तांब्याच्या तारा जमिनीवर किंवा किंचित खाली पसराव्यात. ब्राउन, लुईस व एपस्टीन या अमेरिकन अभियंत्यांनी १९३७ मध्ये प्रयोगान्ती अशा १२० तारांची शिफारस केली. हौशी चालकाला बत्तीस तारांनीही पुष्कळ फरक जाणवतो. दोन्ही घटकांच्या बुडाशी स्वतंत्र आरे हवेत. ते जेथे भेटतील तेथे जोडून टाकावेत.

जबलपूरच्या परिसरात कोठे काळी माती, तर कोठे मदनमहालच्या टेकड्यांसारखा ग्रॅनाइट आढळतो. ओली काळी माती वीज बऱ्यापैकी वाहते. वैशाखात ती भेगाळते, तेव्हा तिचा रोध वाढतो. कोरडा खडक तर वाहक म्हणून अगदीच दुबळा. यास्तव मापे उन्हाळ्यात व पावसाळ्यात अशी दोनदा घ्यावीत.

मर्यादा आणि सावधगिरी

हा आकाशक दूरच्या संदेशांसाठी आहे, हे विसरू नये. २२ मे १९९७ रोजी पहाटे जबलपूरला भूकंपाचा तडाखा बसला. अशा प्रसंगी सुमारे २५० किलोमीटरांवरील नागपूरशी तातडीने बोलावयाचे, तर क्षितिजालगत धावणारे तरंग त्या गावावरून पुढे निघून जातात. तेथे दिवसा कमी उंचीवर टांगलेली आडवी तारच अधिक उपयोगी, कारण ती तरंग जवळजवळ सरळ वर पाठविते आणि ते जवळच खाली उतरतात. म्हणून दक्ष चालक दोन्ही आकाशक सज्ज ठेवतो.

खांब विजेच्या तारांपासून त्याच्या उंचीपेक्षा अधिक अंतरावर असावा. प्रक्षेपण चालू असताना घटकांना स्पर्श करू नये. तेथे मोठा विद्युत्‌दाब असतो. वळिवाच्या दिवसांत आकाशात गडगडाट सुरू होण्यापूर्वीच यंत्राची जोडणी काढून खांब भूमीशी जोडावा. शासकीय परवान्यावाचून प्रक्षेपण करता येत नाही. ऐकण्याचा सराव मात्र विद्यार्थ्यांनी आजच आरंभावा.

जुळणी झाल्यावर तपासणी सोपी आहे. सोबतीच्या तारेची तळाची जोड सोडली, की ती निष्क्रिय होते. जोड सोडून व लावून एकच दूरचा संदेश आळीपाळीने ऐकावा आणि प्रत्येक वेळचे माप वहीत नोंदवावे. काही आठवड्यांच्या नोंदी एकत्र पाहिल्या, म्हणजे आपल्या अंगणात त्या दुसऱ्या तारेने काय साधले, हे आकड्यांतून उघड होते.